भिंतीवरची सुगी

माघ लागला की मला घरात बसवत नाही. गुडघे कुरकुरतात, सूनबाई मफलर घेऊन दारापर्यंत मागे येते, तरी मी दिवस उगवायच्या आत धाराशिवच्या बाहेर, शेतांच्या बाजूला चालत जातो. ज्वारी काढणीला आलेली असते. वाळत आलेल्या पाचोळ्याचा करकर आवाज आणि दहिवरानं ओल्या झालेल्या काळ्या मातीचा वास. मग पूर्वेकडून पहिली तिरीप येते आणि सगळं रान एकदम उठून उभं राहतं. ज्वारीच्या प्रत्येक उभ्या ताटाला बाजू येते, प्रत्येक कणसाला पाठ आणि पोट येतं. त्या क्षणी माझ्या ऐंशी पार केलेल्या हातांना काहीतरी करावंसं वाटतं. बोटं आपोआप हलायला लागतात, ओला चुना चिमटीत धरल्यासारखी.

बोटांना ही सवय एका सुगीनं लावली.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. निजामाचं राज्य होतं. आमचा जिल्हा कागदावर उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव. शाळेतला कारभार उर्दूत, वर्गातली कुजबुज मराठीत आणि उमरग्याच्या बाजाराचा भाव अर्धा कानडीत. हैदराबादेत दोन वर्षं चित्रकला शिकून मी उमरग्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो. नोकरी बसाप्पांच्या शिफारशीनं मिळालेली. बसाप्पा म्हणजे उमरग्यातले मोठे आडत व्यापारी. गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत होकार किंवा नकार देऊन टाकायची सवय. त्यांनी गावाबाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, वाटसरूंसाठी एक सराई बांधायला घेतली होती. मोटार तिथेच थांबायची. रस्त्याच्या बाजूला दक्षिणेकडे तोंड करून तीस हात लांबीची एक सलग भिंत, आणि तिच्या पायाशी माणसांनी टेकावं म्हणून तेवढाच लांब दगडी ओटा.

“मास्तर,” बसाप्पा म्हणाले, “तुम्ही हैदराबाद बघून आलाय. ह्या भिंतीवर असं छलो, झकास चित्र काढा की मोटारीतला माणूस म्हणला पाहिजे, उमरगं आलं!”

मला त्या रात्री झोप आली नाही. तीस हात भिंत! आतापर्यंत माझी सगळी चित्रं मांडीवर मावणारी होती. दोन आठवड्यांत मी कागदावर एक बाग काढली. कारंजी, कमानी, हंस, सुरईसारख्या मानेच्या चार बायका आणि मागे संगमरवरी महाल. असला महाल मी तरी कुठे पाहिला होता! पण चित्र गोड दिसत होतं. बसाप्पांनी ते बाजारात दहा जणांना दाखवलं. माघी पौर्णिमेला सराई उघडायची, सगळ्या तालुक्याला बोलवायचं, असं ठरूनही गेलं.

भिंतीचा पहिला खरबरीत गिलावा झाला होता. मी रजा काढून एक अख्खा दिवस शिडीवर चढून कोळशानं त्यावर बाग रेखली. संध्याकाळी मान मोडून आली होती, पण मन तरंगत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आपलं काम बघायला धावलो.

आणि बागच नव्हती.

म्हणजे कोळशाच्या रेघा होत्या, पण डोळ्याला त्या दिसेनात. भिंतीच्या कडेनं तिरपं ऊन घसरत आलं होतं आणि गिलाव्यातला खडा न् खडा, थापीचा प्रत्येक उठाव आपली लांब सावली टाकून बसला होता. सबंध भिंत खवल्यांच्या जनावरासारखी दिसत होती, आणि माझे हंस त्या खवल्यांत हरवले होते.

मी चिडून उस्मानचाचांना गाठलं. उस्मानचाचा सराईचे मुख्य मिस्त्री. साठीचे, लालसर मेंदीची दाढी, चुन्यानं पांढरी पडलेली नखं. आसपासच्या गावांतल्या निम्म्या मशिदींच्या कमानी आणि निम्म्या मठांची शिखरं त्यांच्या हातची.

“चाचा, हा असला गिलावा? माझं चित्र गिळलं त्यानं!”

ते दातण करत होते. शांतपणे चूळ भरून म्हणाले, “मास्तर, चित्र काढायच्या आधी दिवाल कू पूछे थे क्या? भिंतीला विचारलं होतं का?”

मला हसूही आलं आणि रागही. त्यांनी माझा दंड धरला, रस्ता ओलांडून पलीकडे नेलं आणि एका मैलाच्या दगडावर बसवलं. “आज जुम्मा आहे. शाळा नाही. दिवस बुडेपर्यंत इथून उठायचं नाही. हात लावायचा नाही. नुसतं बघायचं.”

मी बसलो. सुरुवातीला रुसून, मग कंटाळून, आणि मग कधीतरी खरंच बघायला लागलो. सकाळचं ऊन घटकाभर भिंतीवर घसरत राहिलं, तेवढा वेळ भिंत जिवंत होती. सूर्य वर चढला तशी ती सपाट होत गेली आणि दुपारी नुसती डोळे दिपवणारी पाटी उरली. काही रंगवलं असतं तर त्या झळाळीत कुणाला दिसलं नसतं. मोटार आली. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून ती कोळशाच्या धगीवर चालायची. ड्रायव्हर भट्टी ढवळत बसला आणि उतारू ओट्यावर टेकले. त्यांची डोकी बरोबर माझ्या बायकांच्या चेहऱ्यांवर आली, आणि त्यांच्या केसांतलं तेल कारंज्याला लागलं. एका म्हाताऱ्यानं गाठोडं उघडून भाकरी खाल्ली आणि हंसाला पाठ घासली. संध्याकाळी ऊन उलट्या बाजूनं आलं. सकाळी ज्या सावल्या मावळतीकडे पडल्या होत्या त्या आता उगवतीकडे पडल्या. भिंत पुन्हा जागी झाली, पण कूस बदलून!

मी उभाच राहिलो. चाचा शेजारी येऊन बसले होते.

“चाचा, रंग नकोच. उठाव करायचा. चुन्यातच. सकाळ-संध्याकाळ उन्हानं काढलेलं चित्र!”

“आता बोललात. आणि बायका, हंस?”

“लोक त्यांना झाकतात.”

“झाकणारच. ओटा बसण्यासाठीच आहे. मग माणसं बनवायचीच कशाला? माणसं तर रोज मोटारीनं येतायत.”

मी भिंतीकडे बघितलं, मग भिंतीच्या मागे पसरलेल्या रानाकडे. माघातली ज्वारी, डोक्याएवढी, त्याच तिरप्या उन्हात उभी. दोघांच्याही मनात ते एकदमच आलं असावं, कारण चाचांनी उठून माझ्या पाठीवर असा रपाटा मारला की मी पुढे कलंडलो.

पुढे पस्तीस वर्षं मी शाळाशाळांतून चित्रकला शिकवली. नव्या वर्गाला पहिल्या तासाला कागदच देत नसे. खिडकीजवळ उभं करून नुसतं बघायला लावायचो. मुलं वैतागायची आणि हेडमास्तर कपाळाला आठ्या घालायचे. मी तरी काय करणार? त्या दगडावर बसल्याशिवाय मला स्वतःला काही आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दक्षिणेच्या भिंतीला हे उगवतीचं ऊन बारा महिने मिळत नाही. दसऱ्यापासून सूर्य खाली सरकतो, तेव्हा ते भिंतीवर यायला लागतं. पाडव्याच्या सुमाराला सूर्य भिंतीच्या मागून उगवायला लागतो आणि सकाळ सरते. म्हणजे रानात ज्वारी पेरली की भिंतीवरची उठणार, आणि रान मोकळं झालं की भिंतही मोकळी! मी ते ऐकलं आणि भर रस्त्यात चक्क नाचलो. एक गाडीवान बैल थांबवून बघत राहिला.

बसाप्पांना मात्र आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते ‘नाही’ म्हणाले असते, आणि त्यांचं ‘नाही’ एकदा निघालं की परत जात नसे.

काम सुरू झालं. चुना मळायच्या घाणीत बैल फिरत होता आणि चुना लोण्यासारखा मऊ होत होता. तो घमेल्यानं भिंतीपर्यंत आणायचं काम शेवंताबाईंचं. चाळिशीच्या, काटक, मांगवाड्यात राहणाऱ्या. सुगीत रोजानं ज्वारी काढायच्या आणि एरवी बांधकामावर. मी पहिल्या दिवशी ओल्या चुन्यात मोठ्या झोकानं चार ताटं उठवली. त्या घमेलं खाली ठेवून बघत राहिल्या.

“मास्तर, ह्यो ऊस हाय व्हय?”

“ज्वारी आहे ती!” मी फणकारलो.

“आसंल बाबा. म्या आपली जन्मभर ज्वारीच काढली, म्हनून इचारलं.” त्या घमेलं उचलून निघाल्या.

चाचा शिडीवर हसून हसून डुलत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून बाईंच्या मागे गेलो. “थांब. काय चुकलंय ते सांग.”

त्या रानात गेल्या आणि मुळासकट उपटलेली पाच-सहा ताटं घेऊन आल्या. “हे बगा. समदी सारकी नस्त्यात. ह्ये पोसलेलं, मान टाकतंय. ह्ये अजून ताठ हाय, दाना दुधात हाय. ह्याची पानं एका अंगाला फाटल्यात, कारन ह्ये बांधावरचं, वारं खातंय. आन् कनीस आसं बोटानं काढून न्हाय व्हायचं.” त्यांनी एक खरं कणीस घेतलं आणि माझ्या गुळगुळीत गोळ्यावर हलकेच दाबून फिरवलं. ओल्या चुन्यात दाण्यादाण्याचा ठसा उठला. मग अंगठ्याच्या नखानं एकेका दाण्याची कड त्या उचलत गेल्या, तव्यावरच्या भाकरीचा काठ उचलावा तशा सहज.

चाचा शिडीवरून उतरले. त्यांनी त्या कणसाचा दाणा न् दाणा बघितला. मग वळून म्हणाले, “बाई, घमेलं दुसऱ्या कुणाला द्या. तुम्ही भिंतीवर.”

मी आतापर्यंत त्यांना अगं-तुगं करत होतो. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या, पण मी मास्तर होतो, एवढंच कारण. त्या दुपारपासून माझ्या तोंडी आपोआप ‘शेवंताबाई, तुम्ही’ आलं. त्यांनी एकदा चमकून बघितलं आणि कामाला लागल्या.

काय दिवस होते ते! दिवसाला तीन हात भिंत. चुना ओला आहे तोवरच हात चालवायचा, वाळला की संपलं. चाचा ताटांचा बांधा उभा करायचे, मी पानं वळवायचो, शेवंताबाई कणसं भरायच्या. मी शाळेत जायच्या आधी येई आणि सुटताच परत पळत येई. जेवण उभ्या उभ्या. ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर कणसं यावीत, असा अंदाज. त्यासाठी चाचा स्वतः दर थोड्या वेळानं ओट्यावर बसायचे आणि मी रस्त्यापलीकडे धावत जाऊन ओरडायचो, “वर! अजून चार बोटं वर!” ओरडून ओरडून माझा घसा बसला. मोटारीचा ड्रायव्हर मला वेडा समजू लागला होता.

फक्त शेवंताबाईंना आम्ही ओट्यावर बसवून कधी बघितलं नाही. त्या भिंतीशी काम करताना ओट्यावर उभ्या राहत, पण टेकायच्या नाहीत. भाकरी खायला लांब कडुलिंबाखाली जायच्या आणि पाणी कुणीतरी वरून ओतायचं. भिंत ओली होती तोवर तिला कुणाचा विटाळ नव्हता. ती वाळली की मग? हा प्रश्न मला पडला होता. चाचांनाही पडला असावा. पण मी तो तोंडातून काढला नाही. तेवीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती. कारणं देता येतील, पण काढला नाही हे खरं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भर दुपारी बसाप्पा आले. नेमके दुपारी! छकड्यातून उतरले, भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. लखलखीत पांढरी भिंत. बारकाईनं पाहिलं तर काही फुगवटे.

“मास्तर, एन इदु? हे काय? बाग कुठाय?”

“बसाप्पा, बाग नाही. ज्वारी आहे. सकाळी—”

“ज्वारी?” ते इतक्या जोरात ओरडले की घाणीचा बैल थांबला. “लोक जन्मभर ज्वारीच बघत्यात! त्यांना दाखवायला म्या सराई बांधली? आणि ती तरी दिसती कुठं? पांढऱ्यावर पांढरं!”

“उद्या दिवस उगवताना या. फक्त एकदा.”

“उद्या समदा तालुका येनार हाय.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “सोलापूरचा रंगारी कामाला उमरग्यातच आलाय. उद्या दुपारी तो ह्यावर निळा रंग मारील. आणि तुमचं शाळेतलं काय करायचं ते म्या नंतर बघतो.”

ते गेले. चाचा गुळगुळीत गोटा घेऊन शेवटचा हातभर भाग घोटत राहिले. शेवंताबाई म्हणाल्या, “रंग मारायच्या आदी दिवस तर उगवंल का न्हाय? मग?”

ती सराई आता नाही. इथे हेही सांगून टाकतो. पुढची वर्षं या भागाला फार वाईट गेली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही बाजूंच्या माणसांनी जे भोगलं ते वेगळं लिहावं लागेल. उस्मानचाचा लेकीकडे कलबुर्ग्याला गेले आणि तिकडेच राहिले. नवं राज्य आलं. सराईला दर दिवाळीला कुणीतरी नेमानं चुन्याचा हात देत राहिलं आणि एकेक थर चढत दाणे बुजले, मग पानं बुजली. रस्ता रुंद झाला तेव्हा भिंतच गेली. मी त्याबद्दल फारसा हळहळलो नाही. मोटारीच्या उतारूंपासून पाठ घासणाऱ्या बैलांपर्यंत सगळ्यांनी ती वापरली होती. वीस-बावीस सुग्या तिनं पाहिल्या. पुष्कळ झाल्या.

पण ती पहिली सकाळ!

मी चार वाजल्यापासून रस्त्यापलीकडे येऊन बसलो होतो. थंडीनं दात वाजत होते. हळूहळू लोक जमले. छकडी, बैलगाड्या, घोंगड्या पांघरलेली माणसं. शाळेची मुलं. बसाप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरात आले आणि माझ्याकडे न बघता ओट्याच्या मधोमध जाऊन बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना बाजारातले व्यापारी आणि गावातली वजनदार मंडळी. पूर्वेला क्षितिजाला लागून ढगांची एक राखाडी पट्टी होती. उजाडलं, तांबडं फुटलं, पण ऊन येईना. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी खोकलं. रंगारी आपले डबे घेऊन आधीच येऊन बसला होता. चाचांचे ओठ हलत होते.

मग पट्टीच्या वरच्या काठानं सूर्य निघाला.

ऊन भिंतीच्या पूर्वेच्या टोकाला लागलं आणि तिथून पुढे सरकत गेलं. ते जिथे जिथे पोचलं तिथे तिथे ज्वारी उभी राहत गेली. एक ताट, दहा ताटं, मग तीस हात रान! पानं सळसळल्यासारखी, कणसं दाण्यांनी जडावलेली, काही मान टाकलेली, काही ताठ. आणि त्या रानात, डोक्यावर गेलेल्या पिकात, बसाप्पा बसले होते. व्यापारी बसाप्पा नव्हेत. सकाळच्या प्रहरी आपल्या वावरात टेकलेला एक कुणबी.

माझ्या बाजूच्या गर्दीतून एकदम “आरारारा!” असा आवाज निघाला. लहान-मोठे सगळे बोट दाखवू लागले. ओट्यावरच्यांना काय चाललंय कळेना, कारण ते चित्राच्या आत होते! बसाप्पा उठले, रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, वळले आणि थबकले. मग मी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात ते म्हणाले, “माझा बाप दुसऱ्याच्या वावरात आसाच बसायचा, मास्तर.”

लगेच मोठ्यानं ओरडले, “आता तुम्ही जावा! तिकडं बसा! ए, तू बी जा!” त्यांनी लोकांना धरधरून पलीकडे पाठवलं. माणसं धावत जाऊन ओट्यावर बसू लागली, इकडची तिकडे आणि तिकडची इकडे. म्हातारे तरण्यांसारखे पळत होते. मोटार आली ती मध्येच थांबली आणि उतारूही त्या पळापळीत सामील झाले. ड्रायव्हर भट्टी विसरून ज्वारीत बसला आणि दात काढून हसत राहिला. बसाप्पांनी रंगाऱ्याला हातानं ‘जा’ म्हणून सांगितलं आणि पुन्हा जाऊन ओट्यावर मधोमध बसले.

तेवढ्यात मला शेवंताबाई दिसल्या. लिंबाखाली, गर्दीपासून लांब, पदर दाताखाली धरून उभ्या. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मारली नाही. कुणीच मारली नाही. त्या स्वतःच निघाल्या. सावकाश चालत ओट्यापाशी आल्या. ओट्यावरून पुढे वाकून आपण भरलेल्या एका कणसाला हात लावून बघितला. मग वळल्या आणि बसाप्पांपासून दोन हातांवर, ओट्यावर बसल्या.

गलका थांबला. ओट्यावरचे दोघं-तिघं चटकन उठले आणि बाजूला झाले. सगळ्यांच्या नजरा बसाप्पांकडे लागल्या. आता ते उठणार. शेवंताबाई समोर, उन्हाकडे बघत होत्या.

बसाप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि म्हणाले, “बाई, यंदा ज्वारी छलो आलीया.”

“व्हय, मालक,” त्या म्हणाल्या. “दाना चांगला भरलाय.”

ऊन भिंतीवरून पुढे सरकत होतं. त्या पिकात दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली होती. माझ्या त्या कागदी बागेत मी काढलेल्या बायकांपेक्षा ती किती तरी देखणी होती. मी ते डोळे भरून बघत होतो, तोच शेवंताबाईंनी मला हेरलं. हात उंच करून, आख्ख्या उमरग्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, “मास्तर, तिकडं कशाला हुबं ऱ्हायलाय? या की वावरात!”

मी रस्ता ओलांडून वावराकडे धूम पळत सुटलो.